नऊ सेकंदांमधली हाक

पाऊस उतरणीला लागला की आमच्या गावातला उजेड बदलतो. श्रावणातला हिरवा उजेड जातो आणि एक पिवळट, थकलेला उजेड येतो, पेटीत बरीच वर्षं घडी घालून ठेवलेल्या पातळासारखा. भात पोटरीला आलेलं असतं, वाऱ्याला दुधाचा वास असतो. मैदानावर चतुर येतात, शेकड्यांनी. कमरेच्या उंचीवर तरंगत राहतात आणि मधेच दोन बाजूंना होतात, कुणी मधून चालत गेल्यासारखे. कावळे या दिवसांत माणसाला भीत नाहीत. पितृपंधरवडा आहे, आपलं काम पडणार हे त्यांना ठाऊक असतं.

नेमके हेच दिवस शाळांच्या सामन्यांचे. कुणी ठरवले कोण जाणे.

आमची शाळा नागावच्या थोडी अलीकडे, सुरूच्या बनाला पाठ लावून उभी आहे. माझं घर तिच्या कुंपणाला लागून. दुपारी पडवीत तांदूळ निवडत बसले की चेंडूचा आवाज येतो. धप, धप, धप. चेंडू थांबतो, आणि मग बनातून आणखी एक धप येते. जास्तीची. पोरी म्हणतात, मावशी, भिंतीवर आपटून परत येतो गं आवाज. असेल. बनात भिंत नाही, पण असेल.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. घंटा द्यायची, पाणी भरायचं, पडलेल्या पोरांच्या गुडघ्याला हळद लावायची. शिक्षण सातवी. खेळाच्या सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, पोरींच्या बास्केटबॉलला तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मोठं माणूस लागतं, एवढंच." आता नुसतं उभं राहणं मला जमत नाही, हा माझा जुना दोष. सरांच्या कपाटात नियमांचं पुस्तक होतं. पहिली चार पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे मैदान किती लांब आणि किती रुंद ते मला आजही नीट सांगता यायचं नाही, पण पुढचं सगळं पाठ. फळा बरोबर न्यायचा कुठे, म्हणून मी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून जमिनीवर रेघा काढायची. इथून पळ, इथं थांब, इथं वळ. उन्हात त्या रेघा बघता बघता वाळून जात. पोरींना तेवढ्या वेळात ध्यानात ठेवावं लागे. पुसायचं काम नाही, आणि समोरच्या संघाला चोरून बघायलाही काही उरत नाही.

त्या पुस्तकात एक गोष्ट वाचून मी हसले होते. खेळ संपत आला आणि आपण मागे असलो, तर एखादी खेळाडू मुद्दाम फाऊल करते. चूक स्वतःच्या नावावर लिहून घेते. का, तर घड्याळ थांबावं आणि बाकीच्यांना श्वास घ्यायला मिळावा. म्हटलं, असा कसा हा खेळ, यात चूकसुद्धा कामाला येते.

बाकी शेवटचे सेकंद मी पुस्तकातून शिकले नाही. ते रेवसच्या धक्क्यावर शिकले. लहानपणी आईबरोबर लाँचने यायची. लाँच धक्क्याला लागताना वर येते, खाली जाते. मधलं काळं पाणी उघडतं, मिटतं. आईच्या डोक्यावर पाटी. ती पाण्याकडे बघायची नाही, धक्क्याकडेही नाही, कुठंतरी मधेच बघायची आणि पाऊल टाकायची. मी विचारलं, "आई, कधी टाकायचं गं?" तर म्हणाली, "इचारत बसलीस तं येळ गेली." आधी टाकलं तरी पाण्यात, नंतर टाकलं तरी पाण्यात. बाकावर बसून टाइमआऊट मागायचा की नाही, चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, हे ठरवताना मला नेहमी ते काळं पाणी दिसतं.

तर सांगत होते ते चौदा वर्षांमागच्या भाद्रपदाचं. त्या वर्षी माझ्या संघात दर्शना होती. दहावीतली. अंगानं काटक, पाय लांब, आणि डोळे असे की तुमच्याकडे बघताना तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुणाला तरी बघतायत. तिचा बाप होडीवर होता. दर्शना नऊ वर्षांची असताना तो एका सकाळी मासेमारीला निघाला, गुडघाभर पाण्यातून होडीकडे चालत होता, आणि ही किनाऱ्यावरून ओरडली, "बाबा, येताना पेरू आणा." तो वळला. हसला. म्हणाला, "व्हय गो दर्शू." दर्शू तिला तो एकटाच म्हणायचा.

होडी परत आली. तो आला नाही. रात्री कधी पाण्यात गेला ते बरोबरच्यांनाही कळलं नाही, आणि समुद्रानंही काही परत दिलं नाही.

आता, आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. कुणी सांगायला लागत नाही, दूध पितानाच पोरांना ते कळतं. काही राहिलं असेल तर धावत पुढे जायचं आणि समोरून सांगायचं. किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या, त्यातल्या एकीनं विचारलं, "हाक कोनी मारली हुती?" आणि नऊ वर्षांची ती पोर पुढे झाली आणि म्हणाली, "मी."

कुणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. बायका नुसत्या गप्प झाल्या आणि एकेक करून घरी गेल्या. मीही त्यांच्यात होते. मीही गेले.

माझ्या संघात सगळ्या याच किनाऱ्यावरच्या पोरी. बास्केटबॉलमध्ये तर सतत मागून ओरडायचं असतं, मी मागे आहे, मला दे, डावीकडे बघ. माझ्या पोरींच्या तोंडातून ती हाक निघेना. आपल्यातली एक चेंडू घेऊन पुढे पळतेय म्हणजे ती निघालेली, तिला मागून कसं हाकारायचं? त्यात ती दर्शना असली तर नकोच. मग त्यांनी त्यांचं त्यांनीच काढलं. टाळी. मागून येणारीनं एक टाळी दिली, की पुढचीनं न बघता चेंडू मागे सोडायचा. मला ते आवडलं. दुसऱ्या शाळांचे पंच म्हणायचे, "मावशी, तुमच्या पोरी मुक्या आहेत का?" मी म्हणायची, "मुक्या नायत, संस्कारी हायत." ते हसायचे. पण ऐकणाऱ्याला ते जरा विचित्रच वाटायचं खरं. समोरचा संघ कलकल करतोय, आणि आमच्या पाच जणी तोंडं मिटून धावतायत, मधेच कुठून तरी एक टाळी.

त्या टाळ्यांवर आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. सामना तळ्याला, म्हणजे तळा गावाला होता. ते गाव आत डोंगरात. समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, वासही येत नाही. मैदानावर पत्र्याची उंच शेड, एका टोकाला मोठं दार, दाराबाहेर भातशेती. माझा गळा सकाळपासून बसला होता, तिसऱ्या डावात पार गेला. आवाज म्हणून उमटेना. पोरींना त्याचं काही वाटलं नाही, कारण टाइमआऊटमध्ये मी बोलायची कमी आणि बोटानं रेघा काढायची जास्त. सगळ्यांची डोकी एकत्र, कुजबुज चाललेली, त्यात कुणाचा आवाज आहे आणि कुणाचा नाही हे कुणाला कळतं.

शेवटी समोरच्या संघानं बास्केट केली आणि तो एका गुणानं पुढे गेला. नऊ सेकंद उरले होते. घड्याळ थांबलं. मी टाइमआऊट मागितला.

एक मिनिट मिळतं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. चेंडू दर्शनाकडे जाणार, ती पळणार, रिंगखाली तिच्यावर दोघी येणार. त्याच वेळी डावीकडून मानसी मागून मोकळी येणार. मानसी आमची नेम धरणारी. चेंडू तिला मागे मिळाला की काम झालं. पण शेडमध्ये सगळे लोक ठेक्यात टाळ्या वाजवत होते. पत्र्यावर तो आवाज घुमत होता. आमची टाळी त्यात बुडाली होती. म्हणजे मानसीनं हाकच मारायला हवी होती. दर्शनाला, नाव घेऊन, मागून.

मी पाण्यात बोट बुडवलं. दर्शनाकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

माझ्यानं झालं नाही. मी जमिनीवर एकच सरळ रेघ काढली, रिंगपर्यंत. तू जा. तूच टाक. मानसीनं माझ्याकडे बघितलं, तिला कळलं होतं की ही चूक आहे. रेघ वाळली.

चेंडू आत आला. दर्शना निघाली. आमच्या बाकासमोरून गेली, पाठ आमच्याकडे झाली. सहा, पाच. दोघी तिच्यावर आल्या. डावीकडे मानसी मोकळी, टाळी वाजवतेय, तिचे हात दिसतायत, आवाज नाही. चार. आणि तेव्हा हाक आली.

"दर्शू."

जोरात नव्हती. घरातल्या माणसाला घरातल्या घरात मारावी तशी. तेवढ्या गोंगाटात ती ऐकू यायला नको होती. ती माझ्या मागून आली, दाराच्या बाजूनं, आणि तिच्याबरोबर ओल्या जाळ्याचा वास आला. तळ्याला. डोंगरात.

मी वळले नाही. माझ्या बाजूला बसलेल्या पोरी पुढेच बघत होत्या.

दर्शना थांबली. भर धावेत, पाय रोवून थांबली आणि पूर्ण वळली. तिचा चेहरा मला समोर दिसला. अशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी चेंडू सोडला, मऊ, समोरच्याच्या छातीशी नीट जाईल असा. मानसी डावीकडे होती. दर्शनानं दिला उजवीकडे, जिथं कुणीच नव्हतं. चेंडू रिकाम्या जागेतून आला, दाराच्या चौकटीला लागला आणि बाहेर भातात गेला. शिटी झाली.

परत येताना गाडीत मानसीनं विचारलं, "दर्शना, बॉल दिलास कुणाला?"

"मागे होता ना," ती म्हणाली.

"कोण?"

ती खिडकीकडे वळली. कुणी पुढे विचारलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा किनाऱ्यावरून गप्प घरी गेले होते, ही दुसरी वेळ.

वर्षं जातात. मी निवृत्त झाले. दर्शना शिकली, खेळाची शिक्षिका होऊन आमच्याच शाळेत आली. तिचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. तिच्याकडे रंगीत पाटी आहे, तरी ऐन वेळी ती पाण्यात बोट बुडवते, मी बघितलंय. पोरींना तिनं हाक मारायला शिकवलं. पहिल्या वर्षी गावातल्या दोघी-तिघी कुरकुरल्या. ती म्हणाली, "मैदानावरून कुणी समुद्रावर जात नाही, मावश्यांनो." खरं आहे. तरी गेल्या वर्षी अंतिम सामन्यात, शेवटचं मिनिट चालू असताना, पोरी बाकाकडे बघत होत्या की बाई टाइमआऊट मागतात की नाही, आणि बाई मान वळवून मागे बघत होत्या. मागे नुसतं कुंपण होतं. सामना गेला. लोक म्हणाले, बाई घाबरल्या.

यंदा सामने आमच्याच शाळेत. परवा दुपारी, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, ती माझ्या पडवीत आली. गळ्यात शिटी तशीच. मी तांदूळ निवडत होते. ती समोर बसली आणि माझ्या सुपातले खडे काढायला लागली.

"मावशी, उद्या मी बाकावर बसत नाय."

"का गो? पोट बिघडलं?"

"कॅप्टन बघेल काय ते. आणि दिवाळीनंतर मोठ्या बाईंना सांगणार आहे, मला वर्ग द्या, मैदान नको."

"भूगोल शिकवणार? तुला पूर्व-पश्चिम कळते का आधी?"

ती हसली नाही. तिनं एक खडा बोटांत धरला आणि बघत राहिली. "दरवर्षी येते ती हाक. याच दिवसांत. शेवटचं मिनिट आलं की मागून दर्शू म्हणते. मी बघते, आणि तेवढ्यात सगळं संपतं. पोरींचं वर्ष जातं माझ्यापायी."

मी सुपात बोटं फिरवली.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तळ्याला हाक कुणी मारली होती? तू बाकावर होतीस, मी तुझ्यासमोरून गेले. तूच मारली असशील ना? तू मारली असशील तर नंतरचं सगळं माझ्या डोक्यातलं आहे. ते मी काढून टाकीन, उद्या बसेन. मी रागावणार नाय, मावशी. पण तू मारली नसशील, तर तेही सांग. मग मी मैदानावर पाय ठेवत नाय."

त्या क्षणी खाली काळं पाणी उघडलं. मला सगळं एकदम आठवलं, माझा बसलेला गळा, वाळलेली रेघ, ओल्या जाळ्याचा वास. चौदा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते खराब न होता तसंच राहिलं होतं. खरं सांगायचं म्हटलं तर तोंडाशी होतं. तुझा बाप आला होता गो. पण मग? नऊ वर्षांची होती तेव्हा आम्ही सगळ्या बायकांनी तिला एका हाकेबरोबर एकटं सोडलं. आता दुसरीबरोबर सोडू?

बनातून ती जास्तीची धप आली. मैदान तर रिकामं होतं.

"मी," मी म्हणाले.

ती वर बघायला लागली.

"मीच मारली. राहवलं न्हाय."

"दर्शू म्हणालीस?"

"तुझा बाप गावभर दर्शू दर्शू करायचा, मी काय बहिरी होते? घाईत लहान नाव तोंडात येतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लाज वाटली. माझ्या हाकेनं सामना गेला, कुठल्या तोंडानं सांगू?"

मग तिनं हातातला खडा अंगणात भिरकावला. "जिल्हा घालवलास माझा, म्हातारे."

"घालवला. लिही एक फाऊल माझ्या नावावर."

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता डोक्यावरचा पदर ओढून घ्यावा तशी ओढणी तोंडावर ओढून घेतली. मी सूप हलवत राहिले. तांदळाकडे बघत. थोड्या वेळानं चहा टाकला.

काल सामना झाला. मी सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसले, बाकाच्या बरोबर मागे. माझ्या पाठीशी कुंपण आणि बन. तोंडात खडीसाखर धरली होती, या दिवसांत माझा गळा अजून सुकतो. आभाळ तसंच पिवळट, चतुर खाली आलेले. दर्शना बाकावर बसली होती, ताठ.

नशिबानंही काय मांडून ठेवावं. पुन्हा एका गुणानं मागे, आठ सेकंद. तिनं टाइमआऊट मागितला. पोरी गोळा झाल्या. तिनं बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि मला ती रेघ लांबून दिसली. सरळ नव्हती. रिंगपर्यंत जाऊन मागे वळलेली, डावीकडे. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मागून येणारीनं हाक मारायची. नाव घेऊन. जीव खाऊन."

चेंडू आत आला. दर्शनाच्या संघातली सायली नावाची उंच पोर पळाली. सात, सहा. दोघी तिच्यावर गेल्या. दर्शना उभी राहिली. आणि माझ्या पाठीमागे, कुंपणापाशी, इतक्या जवळून की माझे कानामागचे केस हलले, हाक आली.

"दर्शू."

तोच वास. माझे ओठ मिटलेले, खडीसाखर जिभेवर. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

दर्शनाची मान ताठ झाली. ती मला दिसत होती, मानेची ती शीर. चार. मग तिनं डावा हात मागे केला, पंजा माझ्या दिशेनं उघडून, स्वयंपाकात असलेली बाई दारातल्या माणसाला करते तसा. ऐकलं गं मावशी, थांब जरा. आणि मान न वळवता, डोळे मैदानावरून न काढता, ओरडली, "आत्ता."

डावीकडून कुणीतरी सायलीचं नाव घेऊन हाक मारली. जीव खाऊन. चेंडू मागे आला, वर गेला. शिटी झाली तेव्हा तो हवेत होता, आणि रिंगच्या काठावर दोनदा नाचून आत पडला.

पुढचा आरडाओरडा तुम्हाला सांगायला नको. पोरींनी दर्शनाला खाली पाडलं. ती पोरींच्या ढिगातून माझ्याकडे बघून बोट नाचवत होती, दुसरी फाऊल, मावशी, दुसरी. मी मान हलवली. लिही बाई. लिही.

माझ्यामागे सुरूच्या वाळल्या काड्यांवर पाऊल वाजलं. मग दुसरं. सावकाश, ओल्या पायांचं, बनाकडे जाणारं. मी वळले नाही. मला त्याला एकच विचारायचं होतं, पोरीची ती उघड्या हाताची खूण त्यानं पाहिली का, आणि त्याला वाईट तर नाही ना वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो निघाला होता, आणि निघालेल्या माणसाला आमच्याकडे मागून हाक मारत नाहीत.